पोहोचल्याचा फोन

शेवटच्या वळणावर गाडी घसरली. गाडी चालवणारा दोन मुलांचा बाप झाला तरी आईचा धाकटाच होता. त्याने ब्रेक दाबला, पण गाडीने तो काही मनावर घेतला नाही. ती आडवी होत होत सरळ कठड्याकडे निघाली. कठड्यापलीकडे दरी होती. मग तिला काय वाटलं कोण जाणे, रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात तिने नाक खुपसलं आणि थांबली. मागच्या सीटवर मुलगा झोपला होता, तो झोपलेलाच राहिला. त्याची नऊ वर्षांची बहीण, जिला घरात सगळे कारभारीण म्हणत, तेवढी म्हणाली, "बाबा, हळू."

"हळूच चालवतोय," तो म्हणाला.

गाडी ढिगातून मागे घेऊन उरलेला रस्ता त्याने पायी चालल्यासारखा कापला. हॉटेलवर आले तेव्हा अजून उजेड होता. खोलीतला हीटर तापत होता. बायकोने त्यावर चौघांचे हातमोजे वाळत घातले आणि मुलाचे बूट काढायला ती खाली बसली. वळणाबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नाही.

धाकटा पलंगाच्या कडेला टेकला. हात आपोआप खिशात गेला, फोन लागला, आणि दूर मायदेशी आईने तो उचललाही.

"आई, पोहोचलो," तो म्हणाला.

बायकोचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यांच्या घरची शिस्तच तशी होती. कुठेही पोहोचलं की आधी आईला कळवायचं, मग चपला काढायच्या. चाळिशी आली तरी ते अंगातून गेलं नव्हतं. आणि हा प्रवास तर आईपासून लपवलेला. सलग सहा हिवाळे सगळी सुट्टी तिच्याकडे गेली होती. यंदा बायको म्हणाली, एकदा तरी आपण चौघंच कुठेतरी जाऊ. त्यालाही पटलं, पण आईला सांगायला जीभ रेटेना. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सुट्ट्यांत ऑफिसं बंद, म्हणून लिफ्ट बंद, म्हणून हाही मोकळा. आईला त्याने नेमकं उलटं सांगितलं होतं: सुट्ट्यांतच लिफ्ट जास्त बिघडतात, रजाच मिळत नाही. बायको तेव्हा म्हणाली होती, यंत्रावर आळ घेणं सोपं, ते बिचारं उलटून बोलत नाही.

"कुठे पोहोचलास?" आईने विचारलं.

कारभारीण त्याच्या कानाशी येऊन कुजबुजली, "बाबा, आजीला सांगायचं नव्हतं ना?" तिची कुजबूज चांगली खणखणीत होती.

"आई, ते लिफ्टचं..."

"लिफ्ट राहू दे. रस्ता कसा होता?"

मग त्याने सांगूनच टाकलं. बर्फ होता. गाडी घसरली. पार कठड्यापर्यंत गेली होती. बायकोपुढे जे तोंडातून निघालं नव्हतं तेही निघालं. "घाबरलो होतो गं," तो म्हणाला. बोलल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"मुलांना लागलं नाही ना? आणि तिला?"

"नाही. सगळे ठीक आहेत."

पलीकडे भांडं वाजलं. आईने हातातलं काहीतरी खाली ठेवलं असावं.

"मला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाहीस."

"हो."

"वाईट तर वाटलंच," ती म्हणाली. "पण तू तिकडे दरीकडे घसरत होतास आणि मी इथे निवांत वाटाणे सोलत बसले होते. मला पत्ताच नाही. असं परत करू नकोस रे."

बायको उठून त्याच्याजवळ येऊन बसली. मुलाचा एक बूट तिच्या हातातच होता.

"परत कधी निघणार?" आईने विचारलं.

"रविवारी सकाळी."

"मग निघताना फोन कर. कुठून, कुठे, काही सांगू नकोस. नुसतं निघालो म्हण, म्हणजे मला काळजी वेळेवर सुरू करता येईल."