तीन चिंचोके

"सिस्टर, सकाळपासून तीनच," म्हणत त्या गरोदर बाईने मुठीतले चिंचोके माझ्यासमोर धरले. बाळाने पोटात लाथ मारली की एक चिंचोका बाजूला काढायचा, हे मीच तिला शिकवलं होतं.

"मशीन बाळाचे एकशे वीस ठोके दाखवतंय, सगळं ठीक आहे. घरी पाठवा," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या संशोधनाचं नवं मशीन होतं ते.

मी तिची नाडी धरली. मशीनचा प्रत्येक टिक् माझ्या बोटाखालीच उडत होता. मशीन बाळाचे नाही, घाबरलेल्या आईचे ठोके मोजत होतं! मी ओरडलेच डॉक्टरांवर.

अर्ध्या तासात सिझर झालं. बाळ उशिरा, पण रडलं.

दुसऱ्या दिवशी संशोधनाचा अहवाल माझ्यासमोर सहीसाठी आला. 'धोका मशीनने वेळीच ओळखला,' म्हणे!

सहीच्या जागी मी तिचे तीन चिंचोके चिकटवले.