बिनडोक

रोसारिओच्या क्लबात खाचेतून विजेवर पळणाऱ्या चिमुकल्या मोटारींच्या शर्यतीत अन्सेल्मो दर वेळी शेवटचा यायचा. यंदा त्याने काचेच्या कपाटात ठेवायची प्लास्टिकची तोरिनो गाडी घेतली, तिचं पोट कापून आत मोटर बसवली आणि नाकाखाली खाचेत उतरणारी पट्टी लावली. आतल्या ड्रायव्हरला हौसेने स्वतःचाच चेहरा रंगवला, टकलासकट.

पहिल्याच वळणावर तोरिनो उलटली आणि ड्रायव्हरचं डोकं तुटून उडालं.

“अन्सेल्मोचं डोकं दिसलं का कुणाला?” मित्र टेबलाखाली रांगत विचारू लागले.

“मुळात होतं का?” कुणीतरी म्हणालं, आणि अन्सेल्मोच सगळ्यात मोठ्याने हसला. त्याने गाडी तशीच पुन्हा खाचेत ठेवली. ती जी सुटली, ती चक्क तिसरी आली.

पंच एफ्राइनने पदक हातात घेतलं आणि गाडीत डोकावला. “बिनडोक ड्रायव्हर नियमात बसत नाही, बाबा.”

तेव्हा अन्सेल्मोच्या बायकोने, नेलिदाने, मूठ उघडली. डोकं तिच्याकडेच होतं.

“अगं, मग मघाशीच का नाही दिलंस?”

“देणारच होते,” ती म्हणाली, “पण त्याच्यावाचून तू पहिल्यांदाच वळणं नीट घेत होतास.”