नऊ रिकामी घरं

थोर कलाकृतीतलं मौन तिच्यातल्या स्वरांपेक्षा खोल असतं, असं अभ्यासकाने आपल्या पहिल्या ग्रंथात ठामपणे लिहिलं होतं. दुसऱ्या ग्रंथापर्यंत त्याचं मत बदललं. आता त्याला वाटत होतं की तिथलं पान हरवलं असावं.

प्रश्न नऊ रिकाम्या घरांचा होता. संगीतकारांनी विद्यार्थी असताना, एकविसाव्या वर्षी, दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांसाठी एक रचना केली होती. तिच्या संथ भागात ऐन रंगात व्हायोला गप्प होतो, स्वरलिपीची, दोन उभ्या रेघांमधली, नऊ घरं रिकामी जातात, आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्याने तो परत येतो. संगीतकारांच्या ऐंशीव्या वाढदिवशी रचनेची नवी आवृत्ती निघणार होती. अभ्यासकाने ती घरं स्वतःच्या स्वरांनी भरून आणली होती. आज सभागृहात चौघा वादकांकडून भरलेलं आणि रिकामं, दोन्ही वाजवून बघायचं आणि संगीतकारांनी एकावर सही करायची, एवढंच काम होतं.

शेवटच्या रांगेत ताई बसल्या होत्या. संगीतकारांची थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी, मांडीवर पर्स. दिवसा टेलिफोन खात्यात नोकरी आणि संध्याकाळी भावाच्या रचनेत व्हायोला, असं त्यांचं एके काळी दोन वर्षं चाललं होतं. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड; अंगाने मोठं, आवाजाने पडतं.

ती घरं रिकामी का आहेत, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातल्या एकाच्या अजून लक्षात आहे का, हे बघायला ताई आल्या होत्या. सांगून टाकणं सोपं होतं. पण एकोणसाठ वर्षांनी आपणच आठवण करून द्यायची, तर मग त्यात राहिलं काय?

"सर, आधी भरलेलं वाजवू?" व्हायोलावाल्या मुलीने विचारलं.

"वाजव."

भरलेलं छान होतं. तीच तर पंचाईत होती. व्हायोला कुठेही अडखळला नाही, कुठेही गेला नाही, शहाण्या मुलासारखा शेवटपर्यंत बसून राहिला.

"माझ्यापेक्षा बरं लिहिलंयस रे," संगीतकार म्हणाले. अभ्यासक लाजला. सहीसाठी आणलेल्या पेनाचं टोपण त्याने आधीच काढून ठेवलं होतं. ताईंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला.

"आता रिकामं ऐकू," संगीतकार म्हणाले, "आणि उरकू."

चेलोने पहिला स्वर लावला आणि सभागृहाच्या भिंती जरा जवळ सरकल्या. ताईंना आधी तेव्हाच्या तालमीच्या खोलीची खिडकी दिसली. मग फरशीतली फट, जिच्यात चेलोच्या बुडाचा खिळा रोवायचा. पलंगावर टेकलेले दोन व्हायोलिनवाले, दोघांचेही मोजे फाटके. मावळतीचं ऊन कागदांवरून सरकत सरकत भिंतीवर चढायचं. कोपऱ्यात स्टोव्हची निळी ज्योत फुरफुरत असायची, चेलोच्या सुराच्या किंचित खाली. दूध संध्याकाळी यायचं आणि लगेच तापवावं लागायचं. संथ भाग सुरू होताना पातेलं चढवायचं. ऊन भिंतीवरच्या खिळ्यापाशी पोचलं की दुधाला कढ यायचा. ऊन खिळ्यापाशी पोचलं. दुधावरची साय हळूच फुगली, एखादं घर झोपेत श्वास घेतं तशी. व्हायोला थांबला.

मागच्या रांगेत खुर्चीची बैठक खटकन मिटली.

ताई उभ्या होत्या. कधी उठल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. पर्स खाली पडली होती आणि पाऊल कोपऱ्याकडे वळलं होतं. त्या कोपऱ्यात फक्त आग विझवायचं लाल नळकांडं होतं. तिघं वाजवत राहिले. पाच घरं गेली, सहा गेली.

पहिल्या रांगेतून, मागे वळूनही न बघता, संगीतकार म्हणाले, "ताई, गेलं का गं उतू?"

वाजवणारे थांबले. अभ्यासकाने अंगावर काही सांडल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं.

"गेलं," ताई म्हणाल्या. रागावूनच बोलल्या. "रोज जायचं. नऊ घरांत कोपऱ्यात जाऊन, स्टोव्ह बंद करून, परत येऊन व्हायोला खांद्याला लावून होतं का कोणाचं?"

"मग तेव्हाच सांगायचंस."

"सांगितलं होतं. तू म्हणालास, एक घर जरी वाढवलं तरी रचना कोसळेल."

"असं म्हणालो मी?"

"एकवीस वर्षांचा होतास."

संगीतकार खुर्चीत घसरून खुदुखुदु हसले. मग त्यांनी पेन्सिल मागितली, अभ्यासकाचे स्वर एकेक करून खोडले, रिकाम्या प्रतीत त्या घरांवरचा नवाचा आकडा खोडला आणि वर अकरा लिहिलं.

"पुरतील?"

"धावतपळत," ताई म्हणाल्या आणि पर्स शोधायला वाकल्या.

अभ्यासकाने वही उघडली. "सर, हे अकरा... यामागची आपली भूमिका?"

"पातेलं मोठं होतं."

नवी आवृत्ती ठरल्या दिवशी निघाली. प्रस्तावनेत वाढीव दोन घरांवर चौदा पानं आहेत. दूध तळटीपेत आहे. तिथे ते अर्धा लिटर छापलंय; असायचं एक लिटर.