पायांवर पाणी
कॉलेजातून परतलेली अपेक्षा मयतावरून आल्यासारखी लालबागच्या चाळीत घराबाहेरच थांबली. “आई, पायांवर पाणी घाल.” कांताने लगबगीने तांब्या भरला. “कोण गेलं गं?” “पेशंट. माझ्यामुळे. छातीत दुखतंय म्हणत होते, मी आधी फॉर्म भरत बसले. शेवटी मलाच विचारलं, ‘बाळा, जेवलीस का?’” कांता तांब्या घेऊन दारात आली. “जवळ त्यांचं कोण होतं?” “कोण असणार? कॉम्प्युटरमधले पेशंट ते, एआयचे. आम्हा नर्सिंगच्या मुलींना सरावासाठी दिलेत.” कांता तांब्या धरून उभीच राहिली. जो जन्मलाच नाही तो मेला कसा, आणि त्याचा विटाळ धरायचा की नाही? “मग आता?” “उद्या दुपारी पुन्हा तेच असणार. जिवंत.” कांताला काही उमगेना. तरी तिने लेकीच्या पायांवर तांब्या रिकामा केला. “उद्या आधी त्यांचं दुखणं बघ. आणि हो, जेवून जा. परत विचारतील ते.”