दुपारची हाक

"जरा पोक काढून बस," इर्मा म्हणाली. "मी एवढी ताठ बसत नाही."

"नाटकात घेतलंस ना? मग आता शिकवू नकोस," बर्नीस करवादली.

शेजारची बर्नीस मागच्या दारानं येऊन बाथरूममध्ये टबाच्या कडेवर बसली होती. अंगात इर्माचा गुलाबी गाऊन, पांढऱ्या केसांत इर्माचे कर्लर.

कॅमेरा स्वयंपाकघरात होता, फ्रिजच्या वर. मार्चमध्ये इर्मा बर्फावर घसरली, तेव्हा तिच्या मुलानं, ग्लेननं, तो आणला. खोक्यावर लिहिलं होतं, 'काळजी आमची, निश्चिंत तुम्ही.' वर ग्लेनची अट. उन्हाळाभर गोळ्या चुकवायच्या नाहीत, एकटीनं बाहेर पडायचं नाही. अट मोडली तर घर विकायचं आणि आईची रवानगी वृद्धाश्रमात. खोली त्यानं बघूनही ठेवली होती.

ग्लेन त्याच टोलीडो शहरात, नदीपलीकडे राहायचा, पण ऑफिसातून त्याला यायला जमायचं नाही. मात्र रोज दुपारी कॅमेऱ्यातून त्याची हाक यायची. एक दिवस चुकली नाही, एक शब्द बदलला नाही.

इर्मानं पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं, "फ्रिजशी मी गप्पा मारणार नाही. हात वर करीन, तेवढं बघ." तेव्हापासून ती कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायची आणि हात वर करायची.

"स्वतःच्या आईची पाठ ओळखणार नाही होय तो?" बर्नीसनं विचारलं.

"या अवतारात रोज मला 'छान दिसतेस' म्हणतो तो. तू घाबरू नकोस. मला फोन लाव आणि तसाच चालू खिशात टाक, म्हणजे काही बिनसलं तर मला ऐकू येईल."

"आणि पकडले गेलो तर?"

"तर वृद्धाश्रमात दोन खाटा मागू. चल, बस जाऊन!"

अर्ध्या तासात इर्मा बेसबॉलच्या स्टेडियममध्ये होती. एका हातात बिअर, मांडीवर शेंगांची पिशवी. "अरे आंधळ्या, चष्मा घाल!" ती अंपायरवर ओरडली. बाजूचा जाड्या तिला टाळी देऊन हसला.

खेळ जरा थांबला, गाणं लागलं आणि मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर प्रेक्षकांचे चेहरे यायला लागले. एक पोरगी नाचली. एक टकल्या नाचला. मग पडद्यावर इर्मा आली.

पडद्यावर येऊन जो ढिम्म बसतो त्याची अख्खं स्टेडियम हुर्यो उडवतं. इर्मानं स्वतःची हुर्यो कधी उडू दिली नव्हती. ती उठली, बिअर उंच धरली आणि कंबर अशी हलवली की लोकांनी शिट्ट्यांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं.

खाली बसली आणि मग तिला आठवलं. सामना टीव्हीवर चालू होता. ग्लेनच्या ऑफिसात टीव्ही दिवसभर चालू असतो.

तिनं फोन कानाशी धरला. गाऊनची खसखस. मग ग्लेनचा आवाज, अगदी स्वच्छ.

"आई, गोळ्या घेतल्यास?"

पुन्हा खसखस. बर्नीसनं हात वर केला असणार.

"शाब्बास. छान दिसतेस आज. मी ऑफिसातच आहे गं, मीटिंग चाललीय, तरी म्हटलं आईला विचारावं."

इर्मानं श्वास सोडला. त्यानं पाहिलं नव्हतं. घर वाचलं! तिनं खुशीत बिअरचा घोट घेतला आणि पडद्यावर आता कुणाची पाळी आलीय म्हणून मान वर केली.

समोरच्या बाजूची, सावलीतली महागडी रांग. टोपी घातलेला एक माणूस, दोन्ही हातांत हॉट डॉग, गाल फुगेपर्यंत तोंड भरलेलं. ग्लेन. तो पडद्यावरच्या स्वतःकडेच बघत होता आणि तोंडातला घास त्याला गिळवत नव्हता.

इर्माच्या कानात मात्र त्याच क्षणी ग्लेन रोजच्याच स्वच्छ आवाजात, मायेनं विचारत होता, "आई, जेवलीस का?"