वाजणारी काच

"लिही काहीतरी," सर म्हणाले आणि दुकानाच्या काउंटरकडे पाठ करून उभे राहिले.

तिने समोरच्या टॅबलेटला जोडलेल्या कीबोर्डवर बोटं ठेवली. बटणं वाजली.

"आकडे," सर म्हणाले. "हं, आता शब्द. चार ठोके, जागा, परत दोन."

बरोबर होतं. तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेला माणूस. सगळे सर म्हणायचे. बायको असून तीही मनात सरच म्हणायची. ती घरी बसून लॅबचे रिपोर्ट टाइप करायची. आकडे थांबून अक्षरं सलग वाजू लागली की पलीकडच्या खोलीतून हाक यायची, "कुणाला लिहितेस गं?" जुना लॅपटॉप परवा जमिनीवर पडला होता. पडला, असंच सांगायचं ठरलं होतं. तिचा फोन सरांच्या खिशात असे. बहिणीने तिच्यासाठी खोली बघून ठेवली होती. शुक्रवारपर्यंत 'येते' एवढंच कळवायचं होतं. आज बुधवार.

"सर, कान अजून तसाच आहे हो तुमचा!" काउंटरमागची मुलगी हसली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी निघाली होती. हसता हसता तिने उजव्या हाताची पेरं डाव्या मुठीत झाकून घेतली. सरांच्या हातात फूटपट्टी नव्हती, तरी.

"हाच बांध," सर म्हणाले.

"हा कीबोर्ड निघतो का?" बायकोने विचारलं. आवाज साधा ठेवायचा होता. तो जरा वर गेला.

सर वळले. "का? काढायचाय?"

"नाही हो. पुसायला बरं पडतं."

मुलीने दोघांकडे पाहिलं. मग कीबोर्ड धरून ओढला. खट् करून तो तिच्या हातात आला.

"निघतो की सर. हा काढला, आवाज बंद केला, की काहीही लिहा, भिंतीलासुद्धा पत्ता लागायचा नाही."

सरांचे डोळे बायकोवरून हलत नव्हते.

"मग काय उपयोग? वाजायला हवं. वाजलं की बोटं शिस्तीत राहतात."

"मग हा घ्या. नुसता टॅबलेट. याचं काढायला काही नाहीच, आवाज आतच." मुलीने काचेवर बोट टेकवलं. टिक्. टिक्. टिक्. शेजारच्या गिऱ्हाइकाने मान वळवली.

सर डोळे मिटून ऐकत राहिले. "आकडा की अक्षर, ते कळत नाही," ते म्हणाले. "पण मोजता येतं. चालेल."

ते पैसे भरायला पलीकडच्या टेबलाशी गेले. चार पावलांवर. पाठ इकडे, कानही इकडेच.

"ताई, आवाज मोठा कसा करायचा ते दाखवते," मुलगी मोठ्याने म्हणाली. "नीट बघून ठेवा हं. इथून."

बोलता बोलता तिचं बोट काचेवरच्या आवाजाच्या रेघेवरून उलट्या बाजूला सरकत गेलं, पार शेवटच्या टोकापर्यंत. मग तिने टॅबलेट बायकोपुढे सरकवला.

"कळलं?"

"कळलं." तिने काचेवर दोन अक्षरं लिहिली.

सरांची पाठ हलली नाही.