एकसष्ट जणांची हमी

"कप्तान, नक्की आकडा सांगा. सकाळी त्रेसष्ट म्हणालात, आता एकसष्ट म्हणताय!"

रेडिओफोनवर खरखर झाली. "एकसष्टच, बाई. आत्ताच मोजलेत."

रान्हिल्ड त्वेइतने कागदावरचा आकडा खोडला. व्हिएतनाममधून पळालेल्यांची बोट नॉर्वेच्या एका मालवाहू जहाजाला भेटली होती. नॉर्वे या माणसांना ठेवून घेईल अशी लेखी हमी मिळाल्याशिवाय कुठलंच बंदर त्यांना उतरू देणार नव्हतं. आणि इथे ऑस्लोत, वरच्या मजल्यावर, मंत्री सकाळपासून घोळ घालत बसले होते.

"खलाशाला मोजता येत नाही आणि घरं आपण द्यायची!" तिचा वरिष्ठ मोहुस पावावर तपकिरी चीज ठेवत म्हणाला. "आज ईस्टरची अर्धी सुट्टी. बाराला सगळे डोंगरात पळणार. आता सुट्टीनंतर, मंगळवारी बघू."

"तोवर त्या लोकांनी काय करायचं?"

"थांबायचं. जहाजावर काय कमी आहे त्यांना?"

त्याच्या चवीने खाण्याचा तिला संताप आला. स्वतःचा डबा तिने उघडलाही नव्हता. तिने पुन्हा फोन जोडला.

"जेवले का सगळे?"

"भात पाठवलाय. पाणीपण. वारा वाढतोय, बाई. जरा लवकर करा."

"आणि मुलं?"

"मघापर्यंत रडत होती. आता आवाज येत नाही."

"झोपली असतील बिचारी."

कप्तान म्हणाला, "माझे हात बांधलेत हो. मागच्या खेपेला अशाच माणसांपायी जहाज पाच आठवडे अडकलं होतं. हमी आल्याशिवाय काही करायचं नाही, अशी मालकांची सक्त ताकीद आहे."

बाराला पाच मिनिटं असताना ती वर धावली. मंत्रिमहाशय कोट चढवत होते. त्यांच्या मोटारीवर स्की कालच बांधून झाल्या होत्या. ती सरळ दारात आडवी उभी राहिली.

"बाई, वाट सोडा."

"सही करा, सोडते."

"हट्टी आहात." त्यांनी भिंतीवर कागद टेकवून सही केली. "एकसष्ट. वर एकही नाही."

खाली येईपर्यंत तिला रडू फुटलं होतं. "कप्तान, मिळाली! एकसष्टच्या एकसष्ट जणांची हमी मिळाली!"

पलीकडे वारा घोंघावत होता.

"उपकार झाले, बाई," कप्तान म्हणाला. "आता शिडी सोडतो. बोटीत जेवढे उरलेत, तेवढे वर घेतो."